पहिल्या पावलाचे मोल
(चिकोडी येथे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या देशाचा संघ जागतिक क्रीडास्पर्धेत प्रथमच उतरतो, तेव्हा निकालपत्रकात त्याचे नाव बहुधा खालीच सापडते. परंतु त्या खालच्या ओळीचे मोल मोठे असते. त्याचे उदाहरण आपल्याच बेळगावात आहे.

१९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. खेड्यापाड्यांतील तरुण तेथे अनवाणी धावले. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या ध्यानी आले की, शास्त्रशुद्ध शिक्षणाचा गंध नसतानाही या तरुणांची गती उपेक्षणीय नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य त्यांनी मिळविले आणि १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी सहा जणांचा संघ रवाना झाला. भारताचा हा पहिला ऑलिंपिक संघ. बॅनर्जी, दातार, कैकिणी व चौगुले हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल त्यात होते. यांपैकी फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावचे.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन शर्यत झाली. अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा कोलेमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांत शर्यत पुरी करून एकोणिसावे स्थान मिळविले. दातारांना ती पूर्ण करता आली नाही. कुस्तीत शिंदे चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले. संघ रिक्त हस्ते परतला.

तेथेच सर्व थांबले असते तर? परंतु तसे झाले नाही. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व सर दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ साली हॉकीचे सुवर्णपदक आले. कुस्तीत शिंदे यांना हुकलेले कांस्यपदक १९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी मिळविले. फुटबॉलचीही हीच कथा. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सने २-१ असा विजय मिळविला. आठ वर्षांनी मेलबर्न येथे तोच देश चौथा आला.

चिकोडी-निपाणी भागात जत्रेतील कुस्त्या आणि शर्यती नव्या नाहीत. अंगी बळ आहे. उणीव असते ती मैदानाची, मार्गदर्शनाची आणि धीर धरण्याची. तालुक्याच्या शर्यतीत एखादा विद्यार्थी एकोणिसावा आला की पुढील वर्षी त्याचे नाव यादीतून गळते. शिक्षकांनी ते गळू देऊ नये. ग्रामपंचायतीने शाळेचे मैदान मोकळे राखावे. पालकांनीही खेळाचा एक तास वाया गेला असे मानू नये.

पहिल्याच पावलाला पदक मिळते असे नाही. परंतु पहिले पाऊल पडल्यावाचून दुसरे पडत नाही. एकोणिसाव्या क्रमांकाने आलेल्या बेळगावच्या त्या धावपटूने हेच दाखवून दिले आहे.