अम्मा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. मी पडलो पिंपरीच्या बाजारात कापडाचे दुकान चालविणारा माणूस. माझ्यापाशी विद्वत्ता नाही; आजी मात्र होती. तिच्याविषयीच चार शब्द बोलणार आहे. वडील तिला अम्मा म्हणत, म्हणून आम्ही नातवंडेही तिला अम्माच म्हणत असू.

अम्मा सिंधमधल्या सक्कर गावची. तेथील सिंधू नदीवरचा लॉईड बंधारा १९३२ साली खुला झाला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या काळी सिंध आपल्याच मुंबई इलाख्यात होता. १९३६ साली तो वेगळा झाला. कराचीच्या जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, आणि अम्माचा भाऊ त्याच शाळेत शिकलेला. “तुमचा माणूस आमच्याकडे शिकवायला आला, आम्ही तुमच्याकडे राहायला आलो, फिटंफाट झाली,” असे ती हसत म्हणे.

पण ते येणे हसत झालेले नव्हते. फाळणीनंतरही काही महिने घरची माणसे सक्कर सोडायला तयार नव्हती. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि धीर सुटला. दहा महिन्यांच्या माझ्या वडिलांना कडेवर घेऊन अम्मा कराचीहून बोटीने मुंबईला उतरली, आणि तेथून पिंपरीच्या छावणीत आली. खोलीच्या मधोमध गोणपाटाचा पडदा. अलीकडे एक कुटुंब, पलीकडे दुसरे. आजोबा आगगाडीत गोळ्या-बिस्किटे विकीत. अम्मा उडदाचे मिरी घातलेले पापड लाटी. गावातल्या एक मराठी मावशी तिच्या जोडीला येऊन बसत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. लाटता लाटता ती आली.

निर्वासित हा शब्द तिला खपत नसे. एकदा तिने मला त्याचा अर्थ विचारला. मी शाळेतला शहाणा. म्हणालो, ज्याचा वास सुटला तो. ती म्हणाली, “मग इथे चूल पेटवली त्या दिवशीच मी निर्वासित राहिले नाही.”

चेटीचंड येतो तो आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे. त्या दिवशी झुलेलालची ज्योत घेऊन आमची मंडळी पवनेवर जात. सिंधूचा अफाट पाट पाहिलेल्या अम्माला पवना म्हणजे ओढाच वाटायचा. तरी ती वाकून तिचे पाणी डोळ्यांना लावी. “पाणी लहान असते, देव लहान नसतो,” असे म्हणे. १९६७ साली सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला, तेव्हा तिने शेजारीपाजारी गोड ताहिरी वाटल्याचे वडील सांगत.

आणि त्याच भाषेची मला लाज वाटत असे, हे आज आपल्यासमोर कबूल करावयाचे आहे. मराठी शाळेत माझ्या उच्चारांना मुले हसत. म्हणून अम्मा सिंधीत बोले आणि मी मराठीत उत्तर देई. सिंधीत ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून काढावयाचे निराळे उच्चार आहेत; ते मी हळूहळू विसरून गेलो. अम्मा रागावली नाही. तिने माझ्यासाठी मराठी सुधारली.

१९९८ साली तिला पक्षाघाताचा झटका आला. पन्नास वर्षांत मिळविलेली मराठी गेली, हिंदी गेली; उरली ती सिंधी. एका रात्री मी एकटाच उशाशी होतो. ती पुन्हा पुन्हा म्हणे, “उञ लॻी आहे.” त्यातले ‘आहे’ मला कळत होते, कारण मराठीत आणि सिंधीत तो शब्द एकच. ‘उञ’ कळेना. मी पांघरूण घातले, पंखा लावला, उशी सरकवली. पहाटे मावशी आल्या. दारातूनच त्यांनी ऐकले आणि म्हणाल्या, “अरे, तिला तहान लागलीय!” चमच्याचमच्याने पाणी त्यांनी पाजले. मी नुसता उभा होतो. तीन दिवसांनी अम्मा गेली.

श्रोतेहो, सख्ख्या नातवाला न कळलेला शब्द एका मराठी बाईला कळला, कारण त्यांनी तो कधी ऐकून घेतला होता. याहून मोठे तत्त्वज्ञान माझ्यापाशी नाही. आज चाकणच्या आणि भोसरीच्या कारखान्यांत लातूर-बीडपासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसे कामाला येतात, आपल्या शेजारी बिऱ्हाड करतात. त्यांनी मराठी शिकावी ही अपेक्षा रास्तच आहे. अम्माही शिकली होती. पण शेजारच्या म्हातारीला तहान लागली तर ती कोणत्या शब्दाने पाणी मागेल, एवढे आपण विचारून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी अशी म्हातारी अजून बोलते आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तिला तिच्याच भाषेत उत्तर द्यावे. मला ते देता आले नाही.