हाड कोणाचे?



गतवर्षी आमच्या बारा वर्षांच्या नातवाच्या नडगीच्या हाडात गाठ झाली. ती घातक नव्हती; परंतु खरवडून काढल्यावर पोकळी राहणार होती. ती भरण्याचे तीन मार्ग डॉक्टरांनी सांगितले : मुलाच्याच कमरेचे हाड, मृत दात्याचे शुद्ध केलेले हाड, अथवा कृत्रिम अस्थिद्रव्य. दुसरा मार्ग ऐकताच आम्ही विचारले, "दाता कोणत्या जातीचा?" नातू पूर्ववत चालेल ना, हे विचारण्यापूर्वीच! पस्तीस वर्षे मुलांना समतेचे पाठ दिलेल्या मुखातून हा प्रश्न निघाला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दात्याचे नाव रुग्णास कळवीत नाहीत. येथे पोकळी लहान आहे; कृत्रिम द्रव्याने भागेल."

हे द्रव्य काय आहे, ते आम्ही समजावून घेतले. हाडातील खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे असते. त्याच घटकांचे सच्छिद्र कण तयार करून पोकळीत भरतात. वेलीला मांडव, तसे हाडाला हे कण. छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात, पेशी नवे हाड रचतात आणि कण बहुधा हळूहळू विरतात. १८९२ साली ड्रेसमान यांनी अशा पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरले होते; १९६९ साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाशी सांधणारी काच शोधली. मात्र या द्रव्यांत सजीव पेशी नसतात. म्हणून मोठ्या पोकळीसाठी रुग्णाचे स्वतःचे हाड आजही श्रेष्ठ मानतात.

आमच्या प्रश्नाला जुना सोबती आहे. एका रशियन सैनिकाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसविल्याची हकीकत डच शस्त्रवैद्य मेकेरेन यांच्या १६६८ सालच्या ग्रंथात आहे. चर्चने सैनिकास बहिष्कृत केले.   हाडाने भेद मानला नाही, माणसांनी मानला.

नातू आता धावतो. कृत्रिम द्रव्याने आमची अडचण टळली. मनातील प्रश्न मात्र टळला नव्हता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे, तेथे दान केलेली हाडे शुद्ध करून ठेवतात, हे आम्हांस पुढे कळले. आम्ही उभयतांनी मरणोत्तर दानाच्या कागदावर सही केली आहे. त्यात हाडेही आली. घेणाऱ्याची जात आम्ही विचारलेली नाही.