सभेचा पत्ता फलकावर हवा



वेतनकरार झाला की आपण तो युनियनच्या फलकावर लावतो. त्याच फलकावर जवळच्या व्यसनमुक्ती सभेचा वार, वेळ आणि ठिकाण का नसावे, एवढाच प्रश्न मला मांडावयाचा आहे.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्यासक्त, एकमेकांशी मोकळेपणाने बोलले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. तिच्या सभेला फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानावे, हा विचार येथे रुजला.

तथापि, अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून सांगतो, फुकट सभेलाही किंमत पडते. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील दुसऱ्या पाळीचा कंत्राटी कामगार सायंकाळच्या सभेला जाणार कसा? खाडा केला तर रोज बुडतो, आणि कारण सांगितले तर कामही जाण्याची धास्ती.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक पाळीला सोयीची सभा शोधून ठेवावी. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जावे; नाव मात्र बाहेर फोडू नये. घरच्यांना अल-अ‍ॅनॉनची माहिती द्यावी. फार पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येऊ शकतात. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. आणि सभेसाठी पाळी बदलून मिळावी, ही मागणी पुढच्या मागणीपत्रात घालावी.