मृगातल्या तान्ह्या ताऱ्यांची दांडगाई



पांझरेकाठच्या देवपुरात आपलं मनापासून स्वागत. जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. तिखट सोसत नसेल त्यांनी वाढप्याला आधीच सांगावं.

आपला विषय ताऱ्यांच्या जन्माचा. मृग लागला की आम्हा खान्देशी माणसांना कपाशीची घाई. पण तेव्हा सूर्यच मृगात, म्हणून नक्षत्र दिसत नाही. हिवाळ्यात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला साधी दुर्बीण लावा, धुरकट ठिपका दिसेल. हा तेजोमेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्या पोटात थीटा-१ ओरायनिस सी नावाचा तारा आहे, सूर्याच्या तिसाहून अधिक पट वजनाचा. ज्या घरात जन्मला त्याच्याच भिंती पाडणारं हे पोर! तारे घडतात ते उणे २६० अंशांच्या आसपासच्या गार वायूतून. या ताऱ्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन दहा हजार अंशांवर जातो; इतका तापलेला वायू आकसून तारा होत नाही. शिवाय ताऱ्यातून सुटणारा वारा आहेच. बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या 'सोफिया' दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१९ मध्ये दिसलं, की या वाऱ्याने मेघात मोठा बुडबुडा फुगवलाय आणि त्याचं कवच सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने बाहेर सरकतंय.

असे तापलेले मेघ रेडिओलहरींत उजळ दिसतात. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ते टिपतात; धुळीआडचेसुद्धा. हे आपल्याच राज्यात होतं, पण शाळेच्या सहली अजून वॉटरपार्ककडेच वळतात. असो.

या दांडगाईने मेघातला बहुतेक वायू तारा न होताच पांगतो. शंभरातले दोन-चार भाग कामी येतात. मला ही उधळपट्टी वाटत नाही. आपल्या आकाशगंगेत वर्षाला जेमतेम एक-दोन सूर्यांइतक्या वायूचे तारे होतात, म्हणूनच अब्जावधी वर्षांनंतरही वायू शिल्लक आहे. त्या काटकसरीत या तान्ह्या ताऱ्यांचा मोठा वाटा आहे.

आता एक वादाचा मुद्दा. ढकललेला वायू कडेला दाटून तिथे नवे तारे जन्मतात, की ते तसेही जन्मलेच असते? दोन्ही पक्षांचे अभ्यासक सभागृहात आहेत. दोघेही आमचे पाहुणे, त्यामुळे स्वागताध्यक्षाने बाजू घेऊ नये हे बरं. त्यांनी मात्र खुशाल भांडावं.