सांगायचा भाव आणि हातात पडणारा भाव

आम्ही नेकनूरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय पोरांचा आहे, क्रिकेटच्या कार्डांचा. तुम्ही म्हणाल, हे काय बायांनी बोलायचं? पण ऐका, यात आमच्या एका मैत्रिणीचे 7,400 रुपये गेलेत. तिला विचारून, तिचं नाव न घेता सांगतोय.

कार्ड म्हणजे पत्त्याएवढं जाड कागदाचं चित्र. एका बाजूला खेळाडूचा फोटो, त्याच्या धावा, त्याचे बळी. पाकीट बंद असतं, आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. आमच्यातल्या चाळिशीच्या बायांना आठवतं, त्यांच्या भावांकडेही अशी चित्रं होती. ‘बिग फन’ नावाच्या चिंगममध्ये निघायची. त्यावर धावा छापलेल्या असायच्या आणि पोरं त्यांची बेरीज करत गल्लीभर हिंडायची. गोट्यांसारखीच अदलाबदल चालायची. ती चित्रं विकून पैसे येतील असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता ते डोक्यात घालणारे फोनमध्ये बसलेत.

आमची ही मैत्रीण आणि तिचा नवरा दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नववीतला मुलगा आजीजवळ राहतो. जाताना तिनं गटाच्या हप्त्याचे पैसे खात्यात ठेवले आणि फोनवरून दर महिन्याला हप्ता कसा भरायचा ते लेकराला शिकवलं. पोरगं हुशार, दोन महिने वेळेवर भरला. मग त्यानं एक व्हिडिओ पाहिला. अमुक खेळाडूचं चमकदार कार्ड तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती आहात, असं तो माणूस सांगत होता. ते कार्ड याच्याकडे होतं. खाली नंबर दिलेला होता, त्यावर यानं कार्डाचा फोटो पाठवला.

दोन तासांत फोन आला. ‘तुमच्या कार्डाला गिऱ्हाईक तयार आहे, दोन लाख देतोय. फक्त नोंदणीचे 350 भरा.’ भरले. मग कार्ड खरं असल्याच्या दाखल्याचे 1,250. मग कराचे 2,300. शेवटी कुरिअरच्या विम्याचे 3,500. दर वेळी माणूस गोड बोलायचा, ‘दादा, एवढं एकच राहिलंय.’ नववीतल्या लेकराला कुणी दादा म्हटलं की त्याला केवढं वाटतं, विचार करा. शेवटचे पैसे गेले आणि नंबर बंद झाला.

2024 साली ऊसतोडीचा दर टनाला 366 रुपये ठरला. त्या हिशोबानं 7,400 म्हणजे वीस टन ऊस. नवरा-बायकोच्या एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडला तरी दहा दिवस. पहाटे थंडीत उठून, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, असे दहा दिवस.

पोरानं कुणाला सांगितलं नाही. जेवण कमी झालं, आजीला वाटलं अंगात कणकण असेल. गटाच्या बैठकीत हप्ता आला नाही म्हणून आम्ही फोन केला, तेव्हा आईला कळलं. ती पलीकडून बराच वेळ बोललीच नाही.

आता आपल्या नेकनूरचा जनावरांचा बाजार आठवा. बैलाचा मालक सत्तर हजार सांगतो. तो सांगायचा भाव. दलाल रुमालाखाली हात घालतो, बोटं दाबली जातात, आणि व्यवहार बावन्नावर येतो. तो खरा भाव. सत्तर ऐकून घरी जाऊन कुणी सत्तर हजारांचा मालक होत नाही. आणि व्यवहार जमला की इसार कोण देतं? घेणारा देतो. बैल आपला आणि इसारही आपणच द्यायचा, असा बाजार कुणी पाहिलाय का? त्या लेकरानं चार वेळा इसार दिला. हे त्याच्या आजीनं ऐकलं असतं तर तिनं पहिल्याच फोनला ओळखलं असतं. पण तिला कुणी विचारलं नाही, तिला फोनमधलं काही कळत नाही असं घरात सगळेच धरून चालतात. आम्हीही.

आमच्या गटातल्या एका मुलीनं विचारलं, मग कार्डं लाखांना जातात हे सगळं खोटंच का? नाही, तसं नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातल्या मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं 1952 सालचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं, म्हणजे तेव्हाचे साधारण शंभर कोटी रुपये. पण ती कार्डं तेव्हा खपली नाहीत. कंपनीच्या गोदामात पडून राहिली आणि 1960 मध्ये त्या माणसांनी पेट्याच्या पेट्या समुद्रात नेऊन टाकल्या. उरलेल्यांतली कितीतरी लोकांच्या आयांनी घर झाडताना फेकली. शंभर कोटींचं कार्ड कोपराही न दुमडता सत्तर वर्षं टिकलेलं होतं. आपली पोरं कार्डांना रबर लावून चड्डीच्या खिशात घालतात.

ते भाव ऐकून अमेरिकेत 1980 नंतर लोकांनी कार्डांचे खोकेच्या खोके विकत घेतले, न फोडता माळ्यावर ठेवले, लेकरांच्या शिक्षणाला होतील म्हणून. कंपन्यांनाही तेच हवं होतं, त्यांनी छापली भरमसाट. सगळ्यांनीच जपून ठेवलं, मग दुर्मिळ काय राहिलं? त्यातले बहुतेक खोके आज कवडीमोल आहेत. आपल्याकडे एखाद्या वर्षी कांद्याला भाव आला की पुढच्या वर्षी सगळं शिवार कांदाच लावतं, तसंच हे. फरक एवढाच, की कांदा निदान भाकरीसोबत खाता येतो.

आणि पाकिटावर ‘मर्यादित’ असं लिहिलेलं असतं ना, ते छापणाराच लिहितो.

हसू नका, यात आपणही आहोत. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट लाखाला जाते, वैष्णोदेवीचं नाणं ठेवा, 786 नंबरची नोट शोधा, हे आपल्यातल्या कितीजणींनी ऐकलंय? डब्यात जपून ठेवलेल्या नोटा आमच्याही घरात सापडल्या. या धंद्यात लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्का वापरून शुल्क, कमिशन, कर मागू लागले, तेव्हा 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेनंच जाहीर केलं की आम्ही अशा व्यवहारात नाही, असलं शुल्क आम्ही कधीच मागत नाही आणि आमच्या नावानं ते घ्यायला कुणाला परवानगीही दिलेली नाही. कार्ड असो, नोट असो, रीत एकच.

आमच्या हातून एक चूक झाली ती सांगतो. आम्हाला कळल्यावर आठ दिवस नुसती चर्चा केली. अशा वेळी लगेच 1930 या नंबरवर फोन करायचा असतो. पैसे समोरच्याच्या खात्यातून निघायच्या आत बँकेला ते अडवता येतात. तक्रार नोंदवताना पैसे कधी आणि कोणत्या नंबरला पाठवले ते विचारतात, म्हणून फोनमधले संदेश पुसायचे नाहीत. पोरानं लाजेनं पुसले होते. आम्ही केला तो फोन उशिराचा होता, पैसे परत आलेले नाहीत. गटानं तिचा थकलेल्या हप्त्याचा दंड माफ केला, हप्ता मात्र ती भरतेय.

पोराला रागावू नको असं आम्ही तिला सांगितलं होतं. ती आल्यावर रागावलीच, मग जवळही घेतलं. तिची मर्जी. पण आता गटाच्या बैठकीत आम्ही पोरांनाही बसवतो, आणि फोनवर कुणी पैसे मागितले तर ते आधी आजीला सांगायचं, असं त्या घरात ठरलंय.

ते चमकदार कार्ड त्या लेकराकडे बरेच दिवस होतं. मागच्या बाजाराला त्यानं ते आणि आणखी पन्नास कार्डं मिळून एका दोस्ताला दिली आणि बदल्यात बॅट घेतली. जुनी आहे, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. संध्याकाळी शाळेच्या मागं खेळतो.