मुलांची कविता मुलांनाच करू द्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मुलांच्या कवितेवर दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तू सातवी शिकलेली, तुला कवितेतले काय कळते?" काकूंचे म्हणणे खोटे नाही. वृत्त, यमक, अलंकार यांविषयी मी काही सांगायला गेले तर ते उसने होईल. परंतु आमच्या चाळीत दुपारच्या वेळी घरात असलेला फोन म्हणजे माझाच. बाकीच्यांचे फोन कामावर जातात. त्यामुळे शाळेकडून मोबाईलवर आलेला अभ्यास करायला चार घरची मुले माझ्याच दाराशी गॅलरीत बसतात. त्यांच्याजवळ बसून जे पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

वर्गाचा ग्रुप म्हणजे काय हे येथे कोणाला सांगायला नको. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे म्हणत शाळा आपल्या घरात आली. पुढे शाळा भरू लागल्या, पण ग्रुप राहिला तो राहिलाच. अतिवृष्टीची सुट्टी पडली की बाई मुलांना फोनवरच गोळा करतात, गोष्ट वाचतात, कोडी घालतात, चार ओळी लिहून पाठवायला सांगतात. हे सर्व चांगलेच आहे. माझी तक्रार बाईंविषयी नाही, ती आपल्याविषयी आहे.

गेल्या पावसाळ्यात तिसरीच्या बाईंनी मुलांकडून पावसावर चार ओळी मागितल्या. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कवितांचा पूर आला. मी त्या सगळ्या वाचल्या. जिकडे तिकडे वर्षाराणी, धरतीमाता आणि हिरवा शालू! आठ वर्षांचे मूल शालू कधी म्हणते का हो? त्याने शालू पाहिला असेल तो मावशीच्या लग्नात, आणि तेव्हाही त्याचे लक्ष जिलबीकडे. त्या कविता आयांनी केल्या होत्या, काही मोठ्या ताईंनी, आणि काही तर कोणीच केल्या नव्हत्या. हल्ली मोबाईलला नुसते तोंडी सांगितले तरी तो क्षणात कविता जुळवून देतो, यमकासकट.

आमच्या गॅलरीतल्या एका मुलाने मात्र स्वतः लिहिले होते. ते असे :

गॅलरीत पाऊस आला
बाबांची लुंगी परत ओली
आई म्हणते मेला पाऊस
मी म्हणतो अजून ये

मला तर हे वाचून हसू आवरेना. आमची गॅलरी, ती दोरी, ती लुंगी, सारे त्यात आले. आणि शेवटच्या ओळीत ते पोरही आले. पण त्याची आई कामावरून आली, तिने वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मी मेला म्हणते हे साऱ्या वर्गाला कळायला हवे का?" तिचेही बरोबरच. तिने ओळी खोडल्या आणि मोबाईलमधून एक छानशी कविता उतरवून घ्यायला लावली. बाईंनी त्या कवितेला फुलाचे चित्र पाठवले.

बाईंना काय, तीस मुलांचे अक्षर आणि बोलणे त्या रोज पाहतात, त्यांनी ओळखले असेलच. पण त्या मुलाला काय समजले? आपण बोलतो ते कवितेत चालत नाही, हे समजले. पुढच्या वेळी बाईंनी पडद्यावर सर्वांना आपली कविता म्हणायला सांगितली, तेव्हा हा पोरगा माईक बंद करून गप्प बसून राहिला. म्हणणार काय? ती त्याची नव्हतीच, पाठही झाली नव्हती. एरवी जिन्यावर बसून चाळ डोक्यावर घेणारे मूल ते. माझा सारा जीव तुटला तो येथे. बक्षीस मिळो न मिळो, आठव्या वर्षी मुलाला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली तर ती पुढे कोण काढणार?

आता काही भगिनी म्हणतील की, आम्हाला कवितेतले कळत नाही म्हणून तर आम्ही मोबाईलमधून उतरवतो. मला हे पटत नाही. आपल्यात अशी कोण आहे जिला उखाणा घेता येत नाही? हळदीकुंकवाला ऐन वेळी 'नाव घ्या' म्हटले की समोर जे ताट असेल, जी फुले असतील त्यांवरून आपण दोन ओळी जुळवतो. भोंडल्यात हत्तीभोवती फेर धरताना सासरच्या माणसांना टोमणे मारणाऱ्या किती ओळी आपण तिथल्या तिथे घातल्या आहेत! त्या कोणी पुस्तकातून घेतल्या नव्हत्या.

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्या खानदेशातल्या शेतकरी बाई. जन्म १८८०चा. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गात, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव व घरची मंडळी ते लिहून ठेवीत. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. माझ्या मनात नेहमी एक गोष्ट येते. सोपानदेव स्वतः शिकलेले, कवी म्हणून नावाजलेले. आईची बोली अशुद्ध म्हणून त्यांनी ती पुस्तकी मराठीत बदलली असती तर? त्यांनी ती तिच्या बोलीतच ठेवली. आपण आपल्या मुलांसाठी करायचे ते एवढेच, फक्त उलट्या बाजूने. तेथे मुलाने आईचे लिहून घेतले, येथे आईने मुलाचे लिहून घ्यावे.

आणखी एक सांगते. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जमवल्या, लाखाहून अधिक. २०१७ पासून त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने ऑनलाइन ठेवायला सुरुवात केली. मी मोबाईलवर ऐकल्या. ज्या बाईने म्हटली तिचे नाव, तिचे गाव खाली लिहिलेले असते. ओवी तिची, म्हणून नाव तिचे. आमच्या मुलांनाही मी ते दाखवले. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे या आजींना पण होमवर्क होता?"

आता मुलाकडून लिहून कसे घ्यावे ते सांगते. 'कविता कर' म्हटले की मूल पेन्सिल चावत बसते. त्यापेक्षा विचारावे, आज शाळेतून येताना काय ऐकू आले, कशाचा वास आला, कोणाचा राग आला. ते बोलू लागले की मध्ये बोलू नये आणि त्याचेच शब्द कागदावर उतरवावेत. ज्यांचा लिहिण्याचा हात बसत नाही त्यांनी फोनवर त्याचा आवाज भरून घ्यावा, मग त्यानेच ऐकून लिहावे. यमक जुळले तर ठीक, नाही जुळले तर सोडून द्यावे. ऱ्हस्वदीर्घ तपासायला शाळेत बाई आहेत. चौथीतली एक मुलगी, वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. ती आजीविषयी बोलता बोलता म्हणाली, "आजीच्या हातात दोनच बांगड्या, एक बोलते एक ऐकते." मी म्हटले, हेच लिही. ती म्हणे, एवढेच? म्हटले, एवढेच. बाईंनी तिला ते पडद्यावर दोनदा म्हणायला लावले आणि तिने म्हटले.

पडद्यावर येण्याचीही काही मुलांना धास्ती असते. तिचे कारण बहुधा मुलाच्या मागे असते, म्हणजे वाळत घातलेले कपडे, भांड्यांचा ढीग, खाटेवर झोपलेले आजोबा. मुलींना याची लाज फार वाटते. मागे एखादी धुतलेली चादर बांधावी, नाहीतर चित्र बंद ठेवून नुसता आवाज द्यावा. बाईंना आधी सांगितले तर त्या नाही म्हणत नाहीत. आणि आपण बाजूला उभे राहून कुजबुजत सांगू नये. "म्हण ना, म्हण ना, दुसरी ओळ" हे आपल्याला वाटते हळू आहे, पण माईकमधून साऱ्या वर्गाला ऐकू जाते! मुलाची फजिती होते आणि आपलीही.

कविता चांगली झाली की ती दहा ठिकाणी पाठवण्याची आपल्याला घाई होते. वर्गाच्या ग्रुपवर गेली ती ठीक. पण मुलाचा फोटो, नाव, शाळा यांसह ती अनोळखी माणसांच्या ग्रुपवर कशाला? आणि नातेवाइकांना पाठवायची तरी आधी त्या मुलाला विचारावे. लुंगीवरची कविता काकाने वाचावी की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. (बाबांचाही असेल म्हणा.)

फोनचा प्रश्न खरा आहे. करोनाच्या काळात आपल्याच वस्तीत दोन घरांची मुले फोनवाचून अभ्यासातून मागे पडली, ती आपण सर्वांनी पाहिली. म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे की, येत्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी चार ते साडेपाच मंडळाची खोली पहिली ते चौथीच्या मुलांसाठी उघडी राहील. ज्यांना दीड तास आपला फोन तेथे देता येईल त्यांनी चिटणीसबाईंकडे आजच नाव द्यावे. तीन फोन झाले तरी काम भागेल, डेटाचा खर्च मंडळ देईल. सतरंजी आहे, पेन्सिली आहेत, पाटकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा पाहुण्या बाईंनी आत्ताच कबूल केला आहे. आयांनी मुलांना दारापर्यंत सोडावे आणि बाहेरच्या बाकावर बसावे. आत मी आहे. पोह्यांची पाळी कोणाची, ते चहाच्या वेळी ठरवू.