लेकरू कुणाच्या कार्डावर?

(कडा, ता. आष्टी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



नवऱ्याने टाकलेली बाई लेकरं घेऊन माहेरी येते. लेकरं जेवतात तिच्या ताटात, नावं मात्र सासरच्या रेशनकार्डावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे ज्या घराने लेकरांना हाकललं, त्याच घरी दोघांचं १० किलो धान्य दरमहा उतरतं!

नोकरदारांचा आयकर बघा. जुन्या करपद्धतीत मुलाच्या फीची वजावट फी भरणाऱ्यालाच मिळते. मग ऊसतोड करून लेकरं जगवणाऱ्या बाईला हा न्याय का नाही?

अन्नसुरक्षा कायद्याचं कलम १३ सांगतं, घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख. म्हणून 'कार्ड पुरुषाच्याच नावाने निघतं' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आष्टीच्या तहसील कचेरीत पुरवठा विभागाकडे लेखी अर्ज करा: माझं व लेकरांचं नाव सासरच्या कार्डातून कमी करा, मला वेगळं कार्ड द्या. लेकरांचे जन्मदाखले जोडा. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

वेगळं कार्ड काढलं की पोटगी बुडते, ही भीती खोटी आहे. पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. कार्ड वेगळं झालं तरी बापाची जबाबदारी सुटत नाही.

एकटीला 'उद्या या' म्हणतात. म्हणून पाचजणी मिळून जाऊ.